वस्तीवरचा दिवा : दिवसाची कमाई, रात्रीचा खर्च

गावठाणात खांबावर दिवा असतो. शेतातल्या वस्तीवर तो नसतो. वीज आलेली असली तरी ती हक्काची नसते. ऐन दिवेलागणीला जाते आणि सगळे निजल्यावर येते. पहाटे चारला उठून धारा काढायच्या असतात, कारण दुधाची गाडी कोणासाठी थांबत नाही. चुलीपाशी भाकरी थापणाऱ्या माउलीला काटवटीतले पीठ दिसले पाहिजे आणि दहावीच्या पोराला पुस्तकातली अक्षरे. शेतीपंपाला दिवसाची वीज जेथे अजून पोचलेली नाही, तेथे रात्री उसाच्या फडात जाऊन दारे धरावी लागतात. हे सारे व्यवहार अंधाराशी झटत चालतात.

अंधाराची किंमत नुसत्या गैरसोयीत मोजून भागत नाही. 2020 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासाने आपल्या देशात 2000 ते 2019 या वीस वर्षांत सर्पदंशाने सुमारे 12 लाख माणसे दगावली असा अंदाज दिला. म्हणजे वर्षाला सरासरी 58 हजार. यातली बहुतेक खेड्यापाड्यांतली. घोणस आणि फुरसे पायाखाली येते, मण्यार रात्री अंथरुणाशी येतो. दिव्याने साप पळत नाही हे खरे, पण दिवा असला तर पाय कोठे पडतो ते दिसते. म्हणून वस्तीवरच्या दिव्याचा हिशेब बी-बियाण्याच्या हिशेबाइतकाच नीट मांडायला हवा.

आज हा दिवा आपल्या छपरावरच्या उन्हावर जळू शकतो. त्यासाठी सरकारी योजनेची वाट पाहावी लागत नाही आणि फार मोठे भांडवलही लागत नाही. मात्र बाजारात या मालात जितकी सोय आहे तितकीच फसगतही आहे. तेव्हा आधी समजून घेऊ, मग पैसे काढू.

तीन वस्तूंचा संसार

या व्यवस्थेत मुख्य वस्तू तीनच. उन्हाची वीज करणारी सोलर प्लेट, ती वीज साठवणारी बॅटरी आणि ती खर्च करणारा एलईडी दिवा. विहीर, हौद आणि पाट यांचे जे नाते, तेच या तिघांचे. विहिरीचे पाणी हौदात साठते आणि हौदातून लागेल तसे पाटाने सोडता येते. हौद लहान असेल तर भरून वाहून जाईल. विहिरीला पाणीच कमी असेल तर हौद कितीही मोठा बांधा, तो रिकामाच राहील. तिघांचे माप एकमेकांना जुळले पाहिजे, हे पहिले सूत्र.

सोलर प्लेट काही कालची वस्तू नाही. अमेरिकेतल्या बेल प्रयोगशाळेने सिलिकॉनची पहिली कामाची सौरचकती 1954 साली दाखवली. ती उन्हातल्या शंभर भागांपैकी सहाच भागांची वीज करीत असे. आजच्या चांगल्या प्लेटा वीस भागांच्या आसपास करतात. शिशाची, पुन्हा भरता येणारी बॅटरी तर 1859 सालची, गास्ताँ प्लांते या फ्रेंच माणसाने केलेली. अडत होते ते दिव्यापाशी. जुना पिवळा बल्ब घेतलेल्या विजेची बहुतेक उष्णताच करून टाकी. एवढी खादाड वस्तू छोट्या प्लेटीवर पोसणार कशी?

ती अडचण एलईडीने सोडवली. लाल एलईडी 1962 पासून होता, पण पांढऱ्या उजेडासाठी निळा एलईडी हवा होता आणि तो काही केल्या झगझगीत होईना. जपानच्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघांनी 1990 च्या दशकाच्या सुरुवातीपर्यंत ते साधले. त्याबद्दल त्यांना 2014 साली नोबेल पारितोषिक मिळाले. निळ्या एलईडीवर पिवळट लेप दिला की पांढरा उजेड मिळतो. जुन्या 60 वॉटच्या बल्बाएवढा उजेड आज 7 ते 9 वॉटच्या एलईडीत पडतो. खर्च सातव्या-आठव्या हिश्श्यावर आला, म्हणूनच परातीएवढ्या प्लेटीवर घर उजळू लागले.

आधी खर्च मांडा

अंथरूण पाहून पाय पसरावेत ही म्हण येथे उलटी लावायची. आधी पाय किती लांब ते मोजा, मग अंथरूण विकत घ्या. मोजमाप सोपे आहे. दिवा जितक्या वॉटचा, त्याला जितके तास जळतो त्याने गुणायचे. येणारा आकडा म्हणजे वॉट-तास. कोठीतल्या धान्याला जशी पायली, तशी विजेला ही.

एका साध्या वस्तीचा रोजचा खर्च असा धरू :

घरातला दिवा, 5 वॉट, 5 तास : 25 वॉट-तास.
गोठ्यातला दिवा, 3 वॉट, सकाळ-संध्याकाळ मिळून 2 तास : 6 वॉट-तास.
ओसरीवरचा दिवा, 3 वॉट, 4 तास : 12 वॉट-तास.
एका मोबाइलचे चार्जिंग, वाया जाणारे धरून : 20 वॉट-तास.
एकूण 63 वॉट-तास.

एक गोष्ट ध्यानात आली असेल. दोन-दोन दिवे जेवढे खात नाहीत तेवढे एकटा मोबाइल खातो. गोठा आणि ओसरी यांचे मिळून 18 वॉट-तास, मोबाइलचे 20. पावसाळ्यात काटकसर कोठे करायची, हे यातूनच ठरते.

कमाई किती?

प्लेटीवर 40 वॉट लिहिलेले असते, ते भर उन्हातले आणि प्लेट थंड असतानाचे. ऊन दिवसभर सारखे नसते. म्हणून उघडिपीच्या दिवसात पूर्ण उन्हाचे 4 तास आणि पावसाळी ढगांत 2 तास धरावेत. प्लेट तापली की तिची वीज कमी होते, धूळ बसते, आणि बॅटरीत जाताना व निघतानाही थोडी घट येते. गूळ करताना काहिलीत जशी घट येते तसेच हे. सगळी घट वजा जाता शंभरातले साठच हाती लागतात असे समजा.

म्हणजे 40 वॉटची प्लेट उघडिपीत 40 गुणिले 4, त्याचे शेकडा 60, असे 96 वॉट-तास देईल. आपला खर्च 63. शिल्लक 33 ढगाळ दिवसांची उणीव भरून काढील. आषाढ-श्रावणात तीच प्लेट 48 वॉट-तास देईल. तेव्हा 63 चा खर्च भागणार नाही, पण मोबाइल वगळला तर तिन्ही दिव्यांचे 43 भागतात. याचा अर्थ, 40 वॉटची प्लेट या घराला पुरते आणि पावसाळ्यात मोबाइल गावात किंवा वीज असेल तेव्हा भरून घ्यावा. मुलाच्या अभ्यासाचा दिवा आणि फोन यांत निवड करायची वेळ आली तर घरातल्यांनी ती आधीच ठरवून ठेवावी. ऐन रात्री भांडण नको.

झडीत ऊन मुळीच न पडणारे दिवसही येतात. त्यासाठी बॅटरीत दोन दिवसांचा साठा, म्हणजे सुमारे 126 वॉट-तास, हवा.

बॅटरी : निम्म्यावर चुका येथेच

बॅटरीवर व्होल्ट आणि अँपिअर-अवर लिहिलेले असतात. दोन्हींचा गुणाकार केला की वॉट-तास मिळतात. पण शिशाची बॅटरी तळापर्यंत उपसायची नसते. निम्मी उरली की थांबायचे, नाहीतर तिच्या पत्र्यांवर घट्ट पुटे चढतात आणि ती लवकर मरते. म्हणून 126 वॉट-तास हवे असतील तर दुप्पट, म्हणजे 252 ची घ्यावी लागते. 12 व्होल्ट 26 अँपिअर-अवरची बॅटरी 312 वॉट-तासांची येते, ती पुरते.

दुसरी जात लिथियम आयर्न फॉस्फेटची. हिचा एकेक सेल 3.2 व्होल्टचा, चार सेल मिळून 12.8 व्होल्ट. ही शंभरातली ऐंशी उपसली तरी चालते. म्हणून 12.8 व्होल्ट 12 अँपिअर-अवरची, म्हणजे साधारण 154 वॉट-तासांची बॅटरी जवळपास तेच काम करते. ती हलकी असते आणि पाणी घालावे लागत नाही. नीट वापरली तर दीड-दोन हजार वेळा किंवा त्याहून अधिक भरता-उपसता येते. शिशाची काही शे वेळाच टिकते. दुकानात लिथियमचा भाव जास्त सांगतील. तेव्हा भावाला अपेक्षित वर्षांनी भागा, म्हणजे खरी महाग कोणती ते कळेल.

आता काय घेऊ नये ते. ट्रॅक्टरची जुनी बॅटरी कोपऱ्यात पडलेली असते आणि तीच लावण्याचा मोह होतो. ती बॅटरी क्षणभर मोठा जोर लावून इंजिन फिरवण्यासाठी केलेली असते. तिचे पत्रे पातळ असतात. रोज रात्रभर हळूहळू उपसली की थोड्या महिन्यांत ती बसते. तसेच भंगारातले लॅपटॉपचे सेल जोडून कोणी बॅटरी करून देत असेल तर नको म्हणा. त्यांना संरक्षणाची नीट व्यवस्था नसली तर ते पेट घेतात. वर कडब्याची गंजी आणि खाली असली बॅटरी, ही जोडी घरादाराला महागात पडेल.

मध्यस्थ आणि फ्यूज

12 व्होल्टच्या म्हणून विकल्या जाणाऱ्या प्लेटीतून भर उन्हात 17-18 व्होल्ट निघतात, आणि काहीच जोडले नसेल तर 21-22. तिची तार सरळ बॅटरीला लावली तर बॅटरी भरल्यावरही भरणे चालूच राहील आणि ती खराब होईल. म्हणून मध्ये चार्ज कंट्रोलर लागतो. बॅटरी भरली की तो प्लेट आवरतो आणि फार उपसली की दिवे बंद करतो. कंट्रोलर घेताना आपल्या जातीच्या बॅटरीसाठी तो चालतो ना, हे विचारा. शिशाचा आणि लिथियमचा भरण्याचा नियम एक नाही. जोडताना आधी बॅटरी, मग प्लेट, शेवटी दिवे. सोडवताना याच्या उलट क्रम.

बॅटरीच्या अधिक खुणेच्या टोकाजवळ, वीतभर अंतरात, 5 अँपिअरचा फ्यूज बसवाच. 12 व्होल्टचा झटका बसत नाही म्हणून लोक निर्धास्त असतात. पण उंदराने तार कुरतडून दोन्ही तारा एकमेकींना टेकल्या तर बॅटरी एवढा प्रवाह सोडते की तार लाल होते. फ्यूजला पैसे फार पडत नाहीत, आणि तो नसला तर गोठा जाऊ शकतो. पाणी घालायची शिशाची बॅटरी भरताना पेट घेणारा वायू सोडते. ती चुलीपासून आणि देवघरातल्या निरांजनापासून दूर, वारा खेळेल अशा पण उन्हाच्या झळा न लागणाऱ्या जागी, मुलांचा हात पोचणार नाही अशी ठेवावी.

दिवे 12 व्होल्टचेच घ्यावेत. घरचा 230 व्होल्टचा बल्ब लावायचा म्हणून इन्व्हर्टर घेतला तर तो नुसता चालू राहण्यासाठीच काही वॉट खातो. तीन वॉटच्या दिव्यासाठी तेवढाच खाणारा गडी कशाला पोसायचा? 12 व्होल्टच्या दिव्यात साधारणपणे तीन एलईडी एकापुढे एक जोडून एक ओळ करतात, कारण एकेकाला 3 व्होल्टच्या आसपास लागतात. उरलेल्या 3 व्होल्टसाठी रोधक घालतात. तो रोधक काढून उजेड वाढवण्याच्या फंदात कोणी पडू नये. एलईडी आवर घातल्याशिवाय प्रवाह ओढत जातो आणि जळतो.

गोठ्यात आणि अंगणात निळसर पांढऱ्यापेक्षा पिवळसर उजेडाचा दिवा लावावा. त्यावर किडे कमी येतात आणि जनावरेही स्वस्थ राहतात.

प्लेट कोठे, कशी?

प्लेटीचे तोंड दक्षिणेला आणि उतार आपल्या अक्षांशाएवढा ठेवावा. कोल्हापूरकडे साधारण 17 अंश, पुण्याकडे 18-19, नाशिककडे 20, नागपूरकडे 21. एक-दोन अंशांनी काही बिघडत नाही, पण अगदी सपाट ठेवू नये. उतार असला की पावसाने धूळ धुऊन जाते. सावलीची मात्र फार काळजी घ्या. प्लेटीतल्या चकत्या एकीला एक अशा माळेसारख्या जोडलेल्या असतात. नारळाच्या एका झावळीची सावली एका चकतीवर पडली तरी साऱ्या प्लेटीची कमाई खूप घसरते. प्लेटीपासून घरापर्यंत दहा मीटर अंतर असेल तर 2.5 चौरस मिलिमीटर तांब्याची तार घ्या. बारीक तारेत व्होल्ट वाटेतच मुरतात, कच्च्या पाटात पाणी मुरते तसे.

खरेदीला जाताना

बाजारात वहीएवढ्या प्लेटीचा दिवा 200 वॉटचा म्हणून विकतात. तो खोटा कसा ओळखायचा? भर दुपारी एक चौरस मीटरवर सुमारे 1000 वॉट ऊन पडते. त्यातले शेकडा वीस धरले तर 200 वॉट. म्हणजे एका चौरस फुटाला फार तर 18 ते 20 वॉट. टेप घेऊन जा आणि प्लेट मोजा. 40 वॉटची प्लेट दोन चौरस फुटांपेक्षा लहान असेल तर आकडा खोटा. तसेच बोटभर आकाराच्या लिथियम सेलवर 9900 मिलिअँपिअर-अवर छापलेले असते. या 18650 नावाच्या मापाचे चांगल्यात चांगले सेलही साडेतीन ते चार हजारांच्या पुढे क्वचितच जातात.

मल्टिमीटर असेल तर भर उन्हात प्लेटीचे नुसते व्होल्ट मोजा. 21-22 यायला हवेत. मग मीटर दहा अँपिअरवर लावून प्लेटीच्या दोन्ही तारांना टेकवा. 40 वॉटच्या प्लेटीला सव्वादोन ते अडीच अँपिअर दिसले की माल ठीक. प्लेटीला असे केल्याने इजा होत नाही. बॅटरीला मात्र ही परीक्षा कधीही लावू नका, मीटर आणि हात दोन्ही भाजतील.

जत्रेत मिळणारे अंगणातले छोटे सोलर दिवे वर्ष-दीड वर्षात मंद होतात आणि आपण ते फेकून देतो. बहुधा दिवा गेलेला नसतो, आतला 1.2 व्होल्टचा सेल गेलेला असतो. त्याच मापाचा, पुन्हा भरता येणारा निकेल-मेटल हायड्राइड सेल घाला, दिवा पुन्हा उभा राहतो. रेडिओचा साधा सेल घालू नका. तो भरण्यासाठी केलेला नसतो, फुगतो आणि गळतो.

दुरुस्ती गावातच हवी

मुंबईच्या आयआयटीने 2014 च्या सुमारास दहा लाख शाळकरी मुलांसाठी सौर अभ्यासदिव्यांचा मोठा उपक्रम हाती घेतला. त्यातली ध्यानात घेण्याजोगी गोष्ट ही की दिवे जोडायचे आणि दुरुस्त करायचे काम त्या-त्या भागातल्याच लोकांना शिकवले गेले. दिवा बिघडला तर तालुक्याला खेप नको, हा त्यामागचा विचार. आपल्याकडेही बचत गटातल्या दोघी-तिघींनी मल्टिमीटर धरायला, फ्यूज बदलायला आणि सेल ओळखायला शिकून घेतले तर दहा वस्त्यांची सोय होईल. काम अवघड नाही. शिवणयंत्र सांभाळणाऱ्या हातांना ते सहज जमेल.

निकामी बॅटरी उकिरड्यावर टाकू नका. शिसे विहिरीच्या पाण्यात उतरले तर मुलांच्या मेंदूला अपाय करते. 2022 च्या नियमांप्रमाणे जुन्या बॅटरींची विल्हेवाट लावण्याची जबाबदारी बनवणाऱ्या आणि आयात करणाऱ्या कंपन्यांवर आहे. नवी घेताना जुनी दुकानदाराला द्या आणि तिची किंमत वजा करून मागा.

वर्षाची राखण

मृगाच्या आधी प्लेटीची चौकट घट्ट करा, वाऱ्या-वावटळीत ती उडते. तारांचे जोड टेपने झाका. श्रावणात रोजचा खर्च आवरा आणि शिशाची बॅटरी रिकामी पडू देऊ नका. खंडेनवमीला अवजारे धुऊन पुजतो, त्याच दिवशी बॅटरीची टोके पुसून त्यांना थोडे व्हॅसलीन लावा, आणि पाण्याची बॅटरी असेल तर डिस्टिल्ड पाण्याची पातळी बघा. उन्हाळ्यात पंधरा दिवसांतून एकदा सकाळी, प्लेट गार असताना, साध्या पाण्याने आणि मऊ फडक्याने पुसा. दुपारच्या तापल्या काचेवर गार पाणी ओतू नका.

एवढी निगा राखली तर प्लेट वीस-पंचवीस वर्षे चालते. त्या काळात बॅटरी दोन-चार वेळा बदलावी लागेल, दिवेही बदलावे लागतील. म्हणून महिन्याकाठी दुधाच्या पगारातले थोडे पैसे बॅटरीच्या नावाने वेगळे ठेवत जा. ज्या घरात बैलाच्या पत्र्या मारायचे पैसे आधी बाजूला काढतात, त्या घराला हे सांगायला नको.